वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून : हिंगण्याच्या तीन आत्मकथनांतील कर्मचाऱ्यांचे जीवन

प्रस्तावना

मराठी साहित्यात वसतिगृह पुष्कळ वेळा येते. ग्रामीण भागातून शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या लेखकाच्या आयुष्यात बोर्डिंग हा एक अटळ मुक्काम असतो. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांत शिक्षणाची वाट भुकेच्या आणि परक्या छपराच्या अनुभवातून जाते. दुसऱ्या बाजूला संस्था उभारणाऱ्यांची चरित्रे, आत्मचरित्रे आणि गौरवग्रंथ आहेत. म्हणजे वसतिगृहाविषयी लिहिणारी लेखणी बहुधा दोघांच्याच हाती राहिली : तेथे जेवलेल्या विद्यार्थ्याच्या आणि ते उभारणाऱ्या संस्थापकाच्या. या दोघांच्या मध्ये उभे असलेले अधीक्षक, स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी यांच्या हाती लेखणी क्वचितच आली. ते इतरांच्या आठवणींत प्रेमळ किंवा खाष्ट म्हणून येतात. ते कोठून आले, का आले आणि त्यांच्या घरी काय होते, हे सहसा कळत नाही.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते वर्गातील एका प्रश्नामुळे. इ. स. १७२५ च्या सुमारास उभारलेल्या गढीमुळे जालना शहरातील ज्या भागास मस्तगड हे नाव मिळाले, त्या परिसरात राहणारी एक विद्यार्थिनी आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या तासाला म्हणाली, "सर, माझी आई आश्रमशाळेत स्वयंपाकी आहे. या पुस्तकांत सगळे जेवतात, पण रांधणारी कुठेच बोलत नाही." या प्रश्नाला तत्काळ उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

अभ्यासासाठी हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाशी निगडित तीन आत्मकथने निवडली आहेत : धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' (१९१५), पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४). एकाच संस्थेविषयी संस्थापक, कर्मचारी आणि संस्थापकाची पत्नी अशा तिघांनी लिहावे, हा योग मराठीत दुर्मीळ आहे. ही पुस्तके स्वतंत्रपणे वाचली गेली आहेत. ती शेजारी ठेवून वाचली असता 'त्याग' या आपल्या आवडत्या समीक्षासंज्ञेविषयी काही प्रश्न उभे राहतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हिंगण्याची पार्श्वभूमी

प्रा. कर्वे १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. प्लेगच्या दिवसांत, १९०० मध्ये, आश्रम पुण्याहून हिंगणे बुद्रुक येथे हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी दिलेले ७५० रुपये एवढ्यावर ही वसती उभी राहिली. हिंगणे आज पुणे शहरात मिसळून गेले आहे; त्या वेळी ते शहरापासून चार मैलांवरचे खेडे होते. महाविद्यालयातील अध्यापन संपवून कर्वे पायी तेथे जात, हा तपशील त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो आणि तो योग्यच आहे.

तथापि, कर्वे पुण्यात शिकवीत असताना हिंगण्यात दिवसभर कोण असे, हा प्रश्न चरित्रकारांना फारसा पडलेला दिसत नाही. खेड्यातील निवासी शाळा म्हणजे केवळ वर्ग नव्हेत. पहाटे पाणी आणणे, धान्य निवडणे, दळण, दोन वेळचा स्वयंपाक, आजारी मुलीची शुश्रूषा, रात्रीची राखण ही तिची खरी दिनचर्या असते. हिंगण्यात ही कामे करणाऱ्या बहुतांशी विधवाच होत्या. त्यांतील काही आश्रमात शिकण्यासाठी आल्या आणि शिकता शिकता काम करू लागल्या. येथे विद्यार्थिनी आणि कर्मचारी यांच्यातील रेषा पुसट आहे, आणि या आत्मकथनांचे वेगळेपण त्या पुसटपणातच आहे.

पार्वतीबाई : वाढणारीच्या हातातील लेखणी

पार्वतीबाई आठवले या आनंदीबाईंच्या भगिनी. जन्म १८७० चा, कोकणातील देवरुखचा. अकराव्या वर्षी विवाह, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. तत्कालीन रीतीप्रमाणे त्यांचे केशवपन झाले. माहेरी राहून घरकाम करीत आयुष्य काढणे हाच पुढचा मार्ग होता. मुलाच्या शिक्षणाची काळजी आणि पुण्यात असलेली बहीण या दोन गोष्टींमुळे त्या पुण्यास आल्या व वयाच्या पंचविशीनंतर शाळकरी मुलींबरोबर शिकू लागल्या. पुढे आश्रमाच्या व्यवस्थेत त्या स्थिरावल्या आणि वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर यांच्याप्रमाणेच संस्थेच्या पहिल्या पिढीतील आधारस्तंभ ठरल्या.

'माझी कहाणी' या पुस्तकाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे निवेदिकेने स्वतःला प्रथम कर्मचारी म्हणून पाहिले आहे. आश्रमात येण्यामागील हेतू तिने उदात्त करून सांगितलेला नाही. तिला मुलगा वाढवायचा होता, स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते आणि माहेरी ओझे होऊन राहायचे नव्हते. संस्थेचे ध्येय तिच्या आयुष्यात नंतर आले. आधी आली ती गरज. गौरवग्रंथांच्या परंपरेत असा क्रम सापडत नाही. तेथे ध्येय आधी असते आणि गरजेचा उल्लेखही होत नाही. पार्वतीबाईंच्या प्रामाणिकपणामुळे आपल्याला एक महत्त्वाची गोष्ट कळते : निवासी संस्था चालतात त्या केवळ ध्येयवाद्यांच्या बळावर नव्हेत. ज्यांना अन्यत्र दार नाही अशा माणसांच्या उपलब्ध असण्यावरही त्या चालतात.

दुसरे वैशिष्ट्य वर्गणीच्या कामाविषयी आहे. पार्वतीबाई आश्रमासाठी गावोगाव फिरल्या, सभांतून बोलल्या, अनोळखी घरांच्या पायऱ्या चढल्या. ज्या समाजाने विधवेला अशुभ ठरविले होते त्याच समाजापुढे एका सोवळ्या विधवेने हात पसरायचा होता. तिचा वेष हाच तिच्या संस्थेच्या सभ्यतेचा पुरावा ठरत होता, असे म्हणावेसे वाटते. सनातनी देणगीदाराला आश्वस्त करण्यासाठी आश्रमाने पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अंतर राखले होते. त्या अंतराची जिवंत खूण म्हणजे हे केशवपन केलेले मस्तक. पुढे पार्वतीबाईंनी केशवपन सोडले. हा निर्णय एका व्यक्तीचा असला तरी त्याची किंमत संस्थेच्या हिशेबात मोजली जाणार होती. कर्मचाऱ्याचे शरीरही संस्थेच्या प्रतिष्ठेचे साधन बनते, ही जाणीव मराठी आत्मचरित्रात इतक्या लवकर आलेली आहे, याची नोंद आपल्या समीक्षेने ठळकपणे घेतलेली नाही.

तिसरे वैशिष्ट्य अमेरिकेच्या प्रवासाचे. १९१८ मध्ये, वयाच्या पन्नाशीजवळ, तुटपुंज्या इंग्रजीनिशी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून निर्वाह केला, आणि संस्थेसाठी निधीही जमविला. परदेशातील घरकाम सांगताना त्यांना संकोच वाटत नाही. मायदेशी ज्या कामाला सेवा म्हटले जात होते त्याच कामाला तेथे ठरलेले वेतन होते. पार्वतीबाई या विरोधाभासावर भाष्य करीत नाहीत. वाचकाने मात्र तो नजरेआड करू नये. १९३० मध्ये जस्टिन अॅबट यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आणि एका हिंदू विधवेची कथा म्हणून ते बाहेर वाचले गेले. या ओळखीमुळे विधवा पुढे आली आणि कर्मचारी मागे पडली, असे म्हणता येईल.

आनंदीबाई : हिशेबात न आलेले घर

आनंदीबाई बालपणीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेथील आरंभीच्या विधवा विद्यार्थिनींत त्या होत्या. म्हणजे निवासी शाळेचे आतले जीवन कर्व्यांच्या आधी त्यांनी अनुभवले होते. असे असूनही हिंगण्याच्या आरंभकाळात त्यांना आश्रमापासून दूरच राहावे लागले. पुनर्विवाहित स्त्रीचा वावर आश्रमात असणे देणगीदारांना आणि पालकांना रुचले नसते. ज्या विवाहामुळे कर्वे समाजसुधारक म्हणून ओळखले गेले त्याच विवाहामुळे त्यांची पत्नी त्यांच्या संस्थेच्या उंबरठ्याबाहेर राहिली.

'माझे पुराण' या शीर्षकातच एक खोडकरपणा आहे. पुराण म्हणजे लांबलेली, घरगुती, कोणी न विचारलेली कहाणी. या पुराणात आनंदीबाईंनी संस्थेचा खर्च घराच्या बाजूने सांगितला आहे. कर्व्यांनी आपली शिल्लक आणि विम्याची पॉलिसी आश्रमास दिली, हा चरित्रांतील गौरवाचा प्रसंग. त्याच प्रसंगी मुलाबाळांच्या आईला काय वाटले असेल, हे या पुस्तकातून कळते. तिने पतीच्या कार्याला विरोध केलेला नाही. पण आपल्याला न विचारता आपल्या संसारातून काही वजा झाले, ही नोंद तिने पुसलेली नाही. संस्थापकाचा त्याग हा पुष्कळदा एकट्याचा नसतो. त्यातील मोठा वाटा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर पडतो आणि तिची सही कोठेही घेतलेली नसते.

याच संदर्भात सातारचे उदाहरण आठवते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही दिले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे 'माझे पुराण' आपल्याकडे नाही. त्यामुळे त्यांचा त्याग आपण नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो आणि तो आपल्याला निर्विवाद वाटतो. आनंदीबाईंनी लिहिले म्हणून त्या आपल्याला थोड्या कुरकुरणाऱ्या भासतात. हा फरक दोन स्त्रियांच्या स्वभावातील नसून एकीच्या हाती लेखणी असण्याचा आहे, असे मानण्यास जागा आहे.

'आत्मवृत्ता'चे पुनर्वाचन

या दोन पुस्तकांनंतर 'आत्मवृत्ता'कडे वळले की त्याची थोरवी आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. कर्व्यांची शैली निरलंकार आहे. देणग्या, कर्जे, चुका, लोकनिंदा यांचा तपशील ते गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा नेमकेपणाने देतात. सहकारी स्त्रियांच्या कामाचा उल्लेखही ते कृतज्ञतेने करतात. मात्र पैशाचा हिशेब जितका काटेकोर आहे तितका श्रमांचा नाही. किती रुपये जमले ते कळते. किती जणींचे जेवण कोणी रांधले ते कळत नाही. हा दोष कर्व्यांच्या सचोटीचा नाही, तो वाङ्मयप्रकाराचा आहे. संस्थापकाचे आत्मचरित्र हे मुळात देणगीदारापुढे मांडलेले जमाखर्चाचे पत्रक असते. त्यात स्वयंपाकघराला रकाना नसतो.

१९०८ मध्ये कर्व्यांनी निष्काम कर्म मठाची स्थापना केली. मठाच्या सेवकाने आपली कमाई मठाला द्यावी आणि मठाने त्याचा व त्याच्या अवलंबितांचा निर्वाह चालवावा, अशी ही कल्पना होती. येथे कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाला कर्व्यांनी एक उत्तर दिले आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे : त्याग मागणाऱ्याने निर्वाहाची हमीही घेतली पाहिजे. पुढील काळात आपल्या शिक्षणसंस्थांनी या कल्पनेतील पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा विसरला.

चर्चा पूर्ण होण्यासाठी आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ही तिन्ही आत्मकथने ब्राह्मण कुटुंबांतून आली आहेत आणि आरंभीचा आश्रमही प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होता. पाणी वाहणारे, सरपण आणणारे, भांडी घासणारे हिंगण्याच्या परिसरातील लोक या पुस्तकांच्या कडेकडेने वावरत असणार. त्यांचा आवाज येथेही नाही. मौनालाही पायऱ्या असतात. पार्वतीबाईंनी एक पायरी मोडली, खालच्या तशाच राहिल्या.

मराठवाड्याचा संदर्भ

आपल्या प्रदेशातील जवळचे उदाहरण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आहे. निजामी राजवटीत, १९२१ मध्ये, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील या खेड्यात ती सुरू झाली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून तेथे आले. त्यापूर्वी त्यांनी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केले होते आणि गंभीर आजारपण भोगले होते. येथेच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले. स्वामीजींच्या आठवणींचा केंद्रबिंदू स्वाभाविकपणेच हैदराबादचा मुक्तिसंग्राम आहे आणि हिप्परगा हा त्याचा पूर्वरंग ठरतो. परिणामी त्या शाळेच्या शिक्षकांचे चित्र देशभक्तीच्या तेजात दिसते. त्यांचे दैनंदिन जीवन, त्यांची घरे, त्यांची चूल मात्र अंधारात राहते.

अधीक्षकाने लेखणी घेतली तरी काय होते, याचे उदाहरण म्हणून साने गुरुजींकडे पाहता येईल. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडण्यापासून हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढण्यापर्यंत सर्व कामे त्यांनी केली. परंतु त्यांच्या लेखनात अधीक्षकाचे रूपांतर आईत होते. हे रूपांतर वाङ्मयदृष्ट्या अत्यंत प्रभावी आहे, तथापि त्याने एक अपेक्षाही रूढ केली. आई वेतन मागत नाही, आईला रजा नसते. नंतरच्या प्रत्येक अधीक्षकाकडे आणि स्वयंपाकिणीकडे समाज याच मापाने पाहू लागला.

त्याग आणि श्रम

येथे एक आक्षेप संभवतो. या थोर व्यक्तींच्या त्यागाकडे श्रम आणि वेतनाच्या भाषेत पाहणे म्हणजे त्यांना लहान करणे नव्हे काय? पार्वतीबाईंचे पुस्तकच या आक्षेपाला उत्तर देते. आश्रमाने त्यांना राबविले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की आश्रमामुळेच त्यांच्या मुलाला शिक्षण मिळाले, त्यांना नाव मिळाले, सभेत बोलण्याचा अधिकार मिळाला आणि जग पाहता आले. त्यांना शोषित म्हणून टाकणे हे त्यांना देवी म्हणून पूजण्याइतकेच अपुरे आहे. सोडण्यासारखे ज्याच्यापाशी काही आहे त्याने ते सोडणे आणि दुसरा आसरा नसलेल्याने राबणे, या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला की दोन्हींचे मोल कळेनासे होते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. प्रस्तुत लेखकाने महाविद्यालयात येण्यापूर्वी दोन वर्षे एका विनाअनुदानित निवासी शाळेत अध्यापन आणि अधीक्षकपद अशी दोन्ही कामे केली. वेतनाचा विषय निघाला की "संस्था आपलीच आहे" हे वाक्य ऐकावयास मिळे. तेथील स्वयंपाकीण पहाटे चारला चूल पेटवी आणि तिची स्वतःची मुले दुसऱ्या गावी आजीकडे वाढत होती. संस्थेच्या वर्धापनदिनी संस्थापकांच्या त्यागावर भाषणे झाली, ती त्या दिवशी दुप्पट माणसांचा स्वयंपाक करीत होती. त्या भाषणांतील एक भाषण प्रस्तुत लेखकाचेच होते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाही हे वाक्य अपरिचित नसावे. त्यागाची भाषा ज्यांनी निर्माण केली त्यांनी ती प्रथम स्वतःला लावली होती. आज ती बहुधा दुसऱ्याला लावली जाते.

निष्कर्ष

१. मराठीतील वसतिगृहविषयक लेखन विद्यार्थी आणि संस्थापक या दोन दृष्टिकोनांत विभागले गेले असून कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन त्यात अपवादानेच येतो.

२. 'माझी कहाणी' हे विधवेचे आत्मकथन आहेच. त्याबरोबरच ते निवासी शाळेतील कर्मचाऱ्याचे मराठीतील एक महत्त्वाचे आत्मकथन म्हणून वाचले जाणे आवश्यक आहे.

३. 'माझे पुराण' या ग्रंथातून संस्थेच्या उभारणीत घराने उचललेला अदृश्य भार प्रकट होतो.

४. 'त्याग' या संज्ञेबरोबर 'श्रम' आणि 'निर्वाह' या संज्ञांचा उपयोग केल्यास संस्थात्मक चरित्र-आत्मचरित्रांचे अधिक न्याय्य मूल्यमापन होऊ शकेल.

५. हिंगण्याच्या आत्मकथनांतही कनिष्ठ जातींतील श्रमिकांचे मौन कायम आहे. ते भरून काढण्यासाठी मौखिक साधनांकडे वळावे लागेल.

यातील शेवटचा मुद्दा आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातला आहे. जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी आश्रमशाळा आहेत आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. तेथील स्वयंपाकी, कामाठी आणि अधीक्षक यांची मुले आज आपल्या वर्गांत बसतात. त्यांनी आपल्या आईवडिलांच्या मुलाखती घेऊन त्या लिहून काढाव्यात, असा प्रकल्प पदवीच्या पातळीवर सहज देता येईल. उपरोक्त विद्यार्थिनीने अशी सुरुवात केली आहे. तिची पहिली मुलाखत अवघी चार पानांची आहे. आईने पहिल्याच वाक्यात तिला सांगितले की, यात लिहिण्यासारखे काही नाही; आणि नंतर दोन तास ती बोलत राहिली.